'प्लीड' हे क्रियापद मुलांना कसं समजावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात, पूर्व भागात, नववी-दहावीच्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. परवा 'प्लीड'वर गाडी अडली.

'शी प्लीडेड विथ हिम टु स्टे' याचा अर्थ मुलांना लगेच लागला: थांब म्हणून काकुळतीने विनवलं. तेलुगू घरातली एक मुलगी तर पटकन म्हणाली, "बाई, आमच्यात याला बतिमालडं म्हणतात." पण पुढच्याच वाक्यात आरोपी 'प्लीडेड नॉट गिल्टी'. तिथे कोणी कोणाच्या पाया पडत नाही, फक्त गुन्हा नाकबूल करतो. मग 'प्लीड इग्नरन्स', म्हणजे माहीत नव्हतं अशी सबब सांगणं. मुलं गोंधळली आणि खरं सांगते, मीही अडखळले.

घरी येऊन शोधलं. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थच कोर्टात दावा लढवणं. मूळ लॅटिन धातू 'आवडणं, पसंत पडणं' या अर्थाचा. आपलं रोजचं 'प्लीज' त्याच मुळाचं! म्हणजे कोर्ट आधी, गयावया नंतर. मला हे फार आवडलं.

आता अडचण अशी. विनवणी, आर्जव, मनधरणी, पदर पसरणं, विठोबाला साकडं घालणं, यातलं एकही कोर्टात चालत नाही. 'बाजू मांडणे' घेतलं तर डोळ्यांतलं पाणी हरवतं. दोन्हीकडे पुरेल असा मराठी शब्द आहे का? वकील मंडळींनी जरूर सांगा. शिवाय भूतकाळ 'प्लीडेड' शिकवते, अमेरिकेत 'प्लेड'ही चालतं. परीक्षेसाठी दोन्ही सांगू का?