मदत हवी आहे: २०१४ची पिकअप, इंजिन करून घ्यावं की आहे तशी विकावी?

ओतूरकर_१४

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस घरात एकच विषय चाललाय आणि रोज वेगळा निर्णय होतो, म्हणून इथे विचारतोय.

गाडी जून २०१४ची पिकअप, एमएच १४ पासिंग. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, टर्बोवालं (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा). २ लाख ८६ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात जाईल आणि माझा प्रश्न बाजूला राहील. वडिलांनी कर्ज काढून घेतलेली, हप्ते २०१८ला फिटले. आता मीच चालवतो. मे ते दिवाळी ओतूर-नारायणगाव भागातले टोमॅटो माळशेजवरून कल्याण नाहीतर वाशी मार्केटला. वाशीची खेप येऊनजाऊन साधारण तीनशे किलोमीटर. बाकीचे सहा महिने कांदा, खत, मंडपाचं सामान, जे मिळेल ते.

तक्रार अशी की डिसेंबरपासून गाडी ऑइल खायला लागलीय, हजार किलोमीटरला लिटरभर. चढाला मागून निळसर धूर सोडते. मागच्या आठवड्यात घाट चढताना मागे दुधाचा टेम्पो होता, त्याने वर आल्यावर थांबून विचारलं, "पाव्हणं, डासांचं औषध मारत निघालाय का?" पाणी कमी होत नाही, गरमही होत नाही. पिकअप मात्र गेलाय, म्हणजे रेस देऊनही ओढत नाही, दुसरा गिअर सोडवत नाही.

आमच्या मिस्त्रीने बोनेट उघडलं, धूर बघितला आणि सांगितलं, फुल इंजिन. ८५ हजार. वर क्लच ९, मागचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगची पानं) १२, चार टायर २८, आणि जूनमध्ये पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आहे त्याचं रंगकाम, लाइटी, रिफ्लेक्टर पकडून १७. म्हणजे दीड लाखाला हजार जास्त. एक गिऱ्हाईक आहे तशा गाडीचे १ लाख ९० हजार रोख द्यायला तयार आहे. ठणठणीत केली तर तीन लाख येतील म्हणतो. नवीन घ्यायची तर शोरूमला साडेनऊच्या पुढे बोलतात.

वडील काहीच बोलत नाहीत. "तुला चालवायचीय, तू बघ" एवढंच. महिन्या-दीड महिन्यात टोमॅटो सुरू होतील. काय करू?

हिशोबाची_वही

दादा, आधी एक गोष्ट वेगळी काढा. इंजिनला घातलेला पैसा विकताना परत मिळत नाही, तो फक्त रस्त्यावर परत मिळतो. तुमच्याच आकड्यात आहे बघा: दीड लाख घालून किंमत वाढते १ लाख १०. म्हणजे विकायचीच असेल तर एक नटही बदलू नका, उद्या देऊन टाका. ठेवायची असेल तरच खर्चाचा विषय.

आता ठेवायची का ते ठरवायला खेपेमागे काय उरतं ते सांगा. आमच्याकडे दोन गाड्या आहेत, ह्यांच्या डोक्यात सगळा हिशोब असायचा आणि डोक्यातला हिशोब नेहमी फायद्यातच असतो. मी वही घातली तेव्हा कळलं की एक गाडी आठ महिने फुकट पळत होती.

ओतूरकर_१४

ताई, वाशीचं भाडं सरासरी ६,०००. डिझेल २,६००च्या आसपास. चहा, जेवण, मार्केटातलं किरकोळ मिळून ६००. चालक मीच, त्यामुळे पगार धरला नाही. हंगामात ९५ खेपा होतात.

हिशोबाची_वही

मग खेपेला २,८०० आणि हंगामाचे २ लाख ६६ हजार. आता नवीन गाडीला ८ लाख कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं धरा. हप्ता १७,४०० बसतो. वर्षाचे २ लाख ९ हजार. नवीन गाडीचा फुल विमा वेगळा. म्हणजे पावसाळाभर घाटात रात्री काढायच्या आणि दिवाळीला हातात भाऊबीजेपुरते. कांदा-खताच्या भाड्यावर घर चालणार असेल तर घ्या, नाहीतर नवीन गाडी तुम्हाला ओढेल. आणि पगार धरला नाही म्हणता, तो धरा. रात्रीचं जागरण फुकट नसतं.

घाटमाथा

ताईंशी थोडा असहमत. सप्टेंबर २०२५मध्ये मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नवीन गाडी स्वस्त झाली तशा जुन्यांच्या किमती दबल्यात. १ लाख ९० आज मिळतायत, पुढच्या वर्षी मिळतील का? शिवाय दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद होणार म्हणतात. मी तरी विकून मोकळा झालो असतो.

कागदपत्र_आधी

दहा वर्षांवरच्या डिझेलची बंदी ही दिल्ली आणि आसपासच्या भागाची गोष्ट आहे, २०१५च्या हरित लवादाच्या आदेशापासूनची. आपल्याकडे तसं काही नाही. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकतं आणि लोक घाबरून गाड्या मातीमोल विकतात. घेणारा दलाल मात्र घाबरलेला नसतो.

आपल्याकडे आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी, शिवाय पर्यावरण कर. पुढे गाडीचं वय वाढेल तशी फिटनेसची फीही वाढत जाते. भंगार धोरणात आज जाऊ नका. तिथे नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के धरतात, म्हणजे ४० ते ५५ हजार. गाडी भंगारात दिल्याच्या सर्टिफिकेटवर नवीन गाडीच्या रोड टॅक्समध्ये सूट मिळते, पण १ लाख ९०चं गिऱ्हाईक दारात असताना तो मार्ग नाही.

आणि विकलीच तर हात जोडून सांगतो, कोऱ्या २९-३० नंबर फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) सह्या करून चावी देऊ नका. माझ्या चुलत भावाने दिली. गाडी तीन हातांतून फिरली, नाव त्याचंच राहिलं. अपघात झाला तेव्हा नोटीस याच्या घरी. सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये स्पष्टच सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव तो मालक, विकली होती हे कारण चालत नाही. हप्ते २०१८ला फिटले म्हणता, पण आरसीवरून बँकेचा बोजा उतरवलाय का? फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. बऱ्याच जणांचं हेच राहिलेलं असतं आणि ऐनवेळी शाखाच दुसरीकडे गेलेली असते. थकलेली ई-चलनं आणि नवी नंबरप्लेट हेही बघा, नाहीतर ट्रान्सफर अडकते.

ओतूरकर_१४

बोजा उतरवलेला नाही!! आत्ता आरसी काढून बघितली. आठ वर्षं कुणाच्या लक्षात नाही.

जुना_फिटर

भावा, उशिरा बघितला धागा. ३४ वर्षं डिझेलमध्ये काढलीत, आता गुडघ्यांमुळे गाडीखाली जात नाही, पण कान शाबूत आहेत. धूर बघून फुल इंजिन सांगणारा मिस्त्री आणि नाडी न बघता ऑपरेशन सांगणारा डॉक्टर, दोघांनाही लांबून नमस्कार.

तीन गोष्टी कर, पैसे लागत नाहीत. गाडी गरम असताना बंद न करता ऑइल भरायचं झाकण काढ आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेव. उडून पडलं, फुसफुस धूर आला, तर रिंगा-लाइनर गेलेत, मिस्त्री बरोबर. नुसतं थरथरत जागेवर बसलं तर थांब, इंजिनला हात लावू नको. मग टर्बोकडून इंटरकूलरला (हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी पाइप काढ आणि आत बोट फिरव. थोडा तेलकटपणा चालतो. बोट बुडालं तर तुझं ऑइल टर्बोच्या सीलमधून जातंय. पिकअप गेलाय म्हणतोस, धूर चढालाच आहे, पाणी जात नाही, मला तिथेच संशय येतो. तिसरं, उतारावर गिअरमध्ये सोडून खाली आल्यावर पहिल्यांदा रेस दिलीस की एकच भपका येतो का? तसं असेल तर व्हॉल्व्हचे सील, ते हेडचं काम, फुल इंजिन नाही.

पाइपात ऑइल निघालं तर तोवर गाडी घाटात घालू नको. टर्बोचं सील पूर्ण फुटलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं, चावी काढली तरी बंद होत नाही. तसं झालंच तर ब्रेक दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून बंद पाडायची.

एक सांग, घाट चढून आल्यावर गाडी कुठे थांबवतोस?

ओतूरकर_१४

काका, माथ्यावर कणीसवाल्यांजवळ. दर खेपेला. चावी काढूनच उतरतो.

जुना_फिटर

हं. चढ चढून टर्बो लाल झालेला असतो आणि तू त्याचं ऑइल तोडतोस. आत राहिलेलं ऑइल जळून कोळसा होतो, बेअरिंग-सील खातो. कणीस भाजून हातात येईपर्यंत गाडी चालू ठेवत जा, दोन मिनिटांचं डिझेल काय जातंय.

अजून एक, आणि हे इंजिनापेक्षा महत्त्वाचं. हौद्याखाली शिर. पेचकस आणि हातोडी घेऊन. इंजिन बाजारात मिळतं, चेसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) मिळत नाही. दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागे ठोकत जा. ठण्ण वाजलं तर लोखंड आहे. भद्द वाजलं तर पेचकस टोच. पाट्यांचे हँगर जिथे बसलेत तिथे विशेष, टोमॅटोचं पाणी झिरपून तिथेच साचतं. लांब पट्टीत पेचकस आत गेला तर गिऱ्हाइकाला चेसी दाखव आणि विकून टाक. किती कॅरेट भरतोस?

ओतूरकर_१४

८०.

जुना_फिटर

वीस किलोचं कॅरेट धरलं तरी रिकाम्या कॅरेटसकट पावणेदोन टन. गाडी कागदावर सव्वा टनाची असणार. आणि पाटे बसले म्हणून तक्रार!

घाटमाथा

काका, ५५ कॅरेट नेऊन भाडं परवडत नाही हो. शेतकरी कॅरेटवर पैसे देतो. सगळेच भरतात.

हिशोबाची_वही

सगळेच भरतात आणि सगळ्यांचेच पाटे १२ हजारांचे. तो खर्च खेपेच्या २,८०० मध्ये कुणी धरलाय का?

ओतूरकर_१४

चार दिवसांनी येतोय, सगळं करून बघितलं.

झाकण उडालं नाही, नुसतं थरथरलं. इंटरकूलरचा पाइप काढला तर खालच्या वळणात चहाच्या कपभर ऑइल साचलेलं होतं. उतारावरून आल्यावर भपका येत नाही. तरी मनाच्या समाधानासाठी आळेफाट्याला दुसऱ्या गॅरेजला कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) लावून घेतलं, चारही सिलिंडर दोन बारच्या फरकात. तो म्हणाला, हे इंजिन उघडायचं काही कारण नाही. टर्बोचा आतला भाग नवीन, ऑइलचे दोन्ही पाइप साफ, ऑइल-फिल्टर सगळं मिळून १४ हजार. तोपर्यंत घाटात जात नाही, सध्या गावातल्या गावात खत टाकतोय.

मग रविवारी हौद्याखाली गेलो. अर्ध्या तासाने वडील पण येऊन शेजारी आडवे झाले, मला न विचारता. मी ठोकत होतो, ते ऐकत होते. डावी पट्टी शेवटपर्यंत ठण्ण. उजवीही ठण्ण, मागच्या हँगरजवळ पापुद्रे निघाले पण पेचकस गेला नाही. हुश्श करून बाहेर येणार तेवढ्यात ते म्हणाले, "मधला आडवा वाजव." वाजवला तर भद्द. टोचला तर पेचकस मुठीपर्यंत आत. वरून कुणीतरी पत्र्याचं ठिगळ मारून काळा रंग फासलेला होता. २०१९ला एका वेल्डिंगवाल्याकडे हौद्याचं काम केलं होतं, त्यानेच झाकलं असणार, आम्हाला बोलला नाही.

काका, लांब पट्ट्या शाबूत आणि फक्त मधला आडवा मेंबर गेलाय, तर बदलता येतो ना?

जुना_फिटर

येतो. पण वेल्डिंगने ठिगळावर ठिगळ नको. पूर्ण आडवा काढायचा, दुसरा बसवायचा, जसा मूळ रिव्हेट होता तिथे हाय टेन्साइल बोल्ट. लांब पट्टीवर उगाच वेल्डिंग मारू देऊ नको, तापवलेल्या जागेच्या कडेलाच पुढे तडा जातो. हँगरजवळचे पापुद्रे तारेच्या ब्रशने घासून प्रायमर मार. वडिलांना नमस्कार सांग, त्यांचा कान चांगला आहे.

कागदपत्र_आधी

हे काम पासिंगच्या आधी करा. आणि बोजाचं? बँकेत गेलात का?

ओतूरकर_१४

गेलो. शाखा खरंच दुसरीकडे गेलीय, तुमची जीभ काळी आहे का हो? अर्ज दिलाय, एनओसी पंधरा दिवसांत मिळेल म्हणाले.

ठरलं ते असं. टर्बो १४, आडवा मेंबर मजुरीसकट ७-८, पाट्यांना एकेक नवीन पान ५, मागचे दोनच टायर १४, पासिंग १७. म्हणजे ५८ हजारांच्या आत. क्लच अजून घसरत नाही, त्याला हात लावत नाही. हा हंगाम मारायचा, ६० कॅरेटवर. दोन शेतकऱ्यांशी बोललो, कॅरेटमागे भाडं थोडं वाढवून द्यायला एक तयार झाला, दुसरा विचार करतो म्हणाला. दिवाळीनंतर ताजं पासिंग आणि कोऱ्या आरसीवर विकायला काढायची, आलेल्या पैशात पाच-सहा वर्षांची दुसरी बघायची, शोरूमची नाही. ताई, वही आणलीय. पहिल्या पानावर ओंकार काढून आईने दिली, दुसऱ्या पानावर टर्बोचे १४ हजार लिहिलेत.

१ लाख ९०वाल्या गिऱ्हाइकाला नाही कळवलं. त्याने लगेच २ लाख १० केले, तेव्हा जरा पोटात गोळा आला.

एकच राहिलं. आडवा मेंबर नवीन मागवला तर तीन आठवडे सांगतायत. चाकण किंवा मंचर बाजूला अपघाताच्या गाड्या तोडणारा कुणी ओळखीचा असेल, ज्याच्याकडे २०१२ ते १६ मधली चेसी पडून आहे, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोटो काढून ठेवलेत, माप बाहेरून बाहेर ७६ सेंमी आहे.