‘अनुमान काढा’ म्हटलं की मुलं अंदाज का बांधतात?

रामबागची_ताई (इंदूर)

नमस्कार मंडळी. अडचण रोजची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. संध्याकाळी मी घरी इंग्रजी वाचनाचा सराव घेते. येणारी मुलं-मुली बहुतेक मराठी घरांतली, पण शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमाच्या. दोघी-तिघी आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीतल्या आहेत. घरात सगळे मराठी बोलतात, म्हणून सूचना मी मराठीत लिहून देते.

परवाच्या उताऱ्यात एका पोस्टमनची सायकल संध्याकाळीही दाराशीच उभी होती आणि पिशवी पत्रांनी भरलेली होती, एवढंच वर्णन होतं. खाली मी लिहिलं, ‘उताऱ्यावरून अनुमान काढा.’ उत्तरं आली: पोस्टमन आजारी असेल, त्याचं साहेबाशी भांडण झालं असेल, त्याला नोकरी सोडायची असेल. ‘त्या दिवशी पत्रं वाटली गेली नाहीत’ हे साधं उत्तर एकीनेही लिहिलं नाही. विचारलं तर म्हणतात, ‘ताई, अनुमान ही तो लगाना था ना?’

आपल्या इंदुरात अनुमान ‘लावतात’, ‘काढत’ नाहीत. हिंदीत तो अंदाज झाला. पुण्याच्या माझ्या आत्याचं म्हणणं असं की शब्द शंभर टक्के बरोबर आहे, मुलांचं मराठी सुधार. पण माझ्याकडे ती येतात इंग्रजी शिकायला. ‘इन्फर’साठी असा मराठी शब्द हवा आहे, जो वाचून मूल कल्पनेत न शिरता परत उताऱ्याकडे वळेल. सुचवा.

मुळामुठा (पुणे)

आत्या बरोबर सांगतात. अनुमान हा न्यायशास्त्रातला, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातला शब्द आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही नैयायिकांची, म्हणजे न्यायशास्त्र मानणाऱ्यांची चार प्रमाणं, खरं ज्ञान मिळवण्याचे मार्ग. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असं म्हणणं, हे अनुमान. त्यात अंदाजाला जागाच नाही, धूर दाखवावा लागतो. हिंदी वर्तमानपत्रांनी शब्द सैल केला म्हणून आपण तो सोडून द्यायचा का? असे सोडत गेलो तर पुढच्या पिढीकडे शब्द उरणार नाहीत.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

मुळामुठा, तुमच्याकडे चारी बाजूंनी मराठी आहे. आमच्याकडे ती घराच्या उंबऱ्याच्या आत आहे. बाहेर पडलं की हवामानाचं ‘पूर्वानुमान’, खर्चाचं ‘अनुमानित’. मुलगा दिवसभर हाच अर्थ ऐकतो. शब्द सैल झालेला नाही, तो दुसऱ्या भाषेत दुसऱ्या अर्थाने नांदतो आहे आणि आमची मुलं दोन्ही भाषांत जगतात.

माझी सूचना ‘अटकळ’. अस्सल मराठी, ‘अटकळ बांधणे’ सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय त्यात ‘कळ’ आहे, म्हणजे कळणे. अडलेलं कळतं ती अटकळ, असं माझे आजोबा सांगायचे.

मुळामुठा (पुणे)

आजोबांबद्दल आदर ठेवून सांगतो, अशी फोड ध्वनिसाम्यावरची असते. ‘कळणे’ आणि ‘आकलन’ हे दोन्ही संस्कृत ‘कल्’ धातूकडे जातात, इथवर ठीक. पण अटकळीतली ‘कळ’ तीच कशावरून? आधार द्या.

आणि अटकळ म्हणजे खात्री नसलेलं. ‘निवडणुका लवकर होतील अशी अटकळ आहे’ हे कुणी पुरावा असताना लिहीत नाही. ताईंना नको आहे तेच तुम्ही देताय.

रामबागची_ताई (इंदूर)

अटकळीची आणखी एक पंचाईत म्हणजे हिंदीतलं ‘अटकलपच्चू’. अटकळ लिहिलं तर माझी मुलं थेट तुक्का मारतील.

बडोदेकरीण (वडोदरा)

आमच्या गुजरातीतही अटकळ आहे, ‘अटकळ करवी’. तिला तुक्क्याची छटा तितकीशी नाही. आणि ‘कळवुं’ आहे, ‘कळी जवुं’ म्हणजे न सांगता ओळखणं. शेजारच्या बा म्हणतात, ‘हुं तो कळी गई.’ मराठीत याच्या सर्वांत जवळ ‘ताडणे’. ‘त्याच्या चेहऱ्यावरून मी ताडलं’ यात चेहरा हा आधार आलाच! ताई, ‘उताऱ्यावरून काय ताडता येते?’ असं लिहून पाहा.

रामबागची_ताई (इंदूर)

शब्द फार आवडला, पण इथे चालणार नाही. बोलीहिंदीत ‘ताड़ना’ म्हणजे मुलींकडे टक लावून बघणं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या कागदावर तो लिहिला तर वर्गातल्या मुलींना ते सोसावं लागेल. मी तो धोका घेणार नाही.

निवृत्त_मास्तर (इंदूर)

ताई, शब्दाआधी कृती ठरवू. मी हिंदी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा एक जुनं उदाहरण वापरत असे. मीमांसा या दुसऱ्या दर्शनाचे पंडित, मीमांसक, ‘अर्थापत्ती’ नावाचं वेगळं प्रमाण मानतात. त्यांचा दाखला असा: धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही. एवढंच वाक्य. त्यावरून तो रात्री जेवतो असं मानावंच लागतं, नाहीतर धष्टपुष्ट असणं आणि दिवसा न जेवणं एकत्र बसत नाही. वाक्यात ‘रात्र’ शब्द नाही, तरी अर्थ तिथे आहे.

आता आयईएलटीएसमध्ये विधान उताऱ्याप्रमाणे खरं, खोटं की उताऱ्यात दिलेलंच नाही (ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन) हे विचारतात, त्यावर हे लावा. ‘देवदत्त काहीच खात नाही’ हे फॉल्स, कारण वाक्य त्याच्या विरुद्ध जातं. ‘देवदत्त रात्री पुरणपोळी खातो’ हे नॉट गिव्हन. खातही असेल, पण पुरणपोळीला वाक्यात आधार नाही. ‘देवदत्त दिवसा जेवण टाळतो’ हे ट्रू, तेच वेगळ्या शब्दांत. आणि ‘रात्री जेवतो’ हे तुमचं इन्फर. पोस्टमनचं आजारपण ही पुरणपोळी आहे. मुलांना एवढं दाखवलं की अनुमान म्हणा, निष्कर्ष म्हणा, त्यांची गाडी रुळावर येते.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

मास्तर, हे फार उत्तम. पण मग शब्द ‘अर्थापत्ती’ ठेवायचा का? मुलं ‘आपत्ती’ वाचून घाबरतील. हिंदीत तर आपत्ती म्हणजे हरकत.

मुळामुठा (पुणे)

नैयायिक अर्थापत्तीला वेगळं प्रमाण मानत नाहीत, ते तिला अनुमानातच घालतात. म्हणजे पुन्हा माझाच शब्द.

भंवरकुआंवाला (इंदूर)

मी क्लासच्या गल्लीतला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतला सीसॅट हा आकलन-तर्काचा पेपर २०११पासून आहे, दोन तासांत ८० प्रश्न, आणि २०१५पासून तो फक्त ३३ टक्क्यांनी पास व्हायचा असतो. त्यात उतारे हिंदी-इंग्रजी दोन्हींत छापलेले येतात. आम्ही हिंदीवाले अडलो की शेजारचा इंग्रजी मजकूर बघतो, कारण हिंदी शब्द एखादा जड असतो आणि इंग्रजी सोपा. म्हणून म्हणतो, ताई, सरळ ‘इन्फर करा’ लिहा. परीक्षेत तोच शब्द येणार आहे. मुलांनी मधे मराठी पूल कशाला ओलांडायचा?

बडोदेकरीण (वडोदरा)

म्हणजे अवघड वाटलं की आपला शब्द टाकायचा, असंच ना? आमच्या बडोद्यात १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या राज्यात शासन-शब्द-कल्पतरू छापला गेला. राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली असे पर्याय शेजारी-शेजारी मांडले. ज्या राज्यात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, तिथे लोकांना कळेल असा शब्द शोधणं हे कामच समजलं जायचं. दहा भाषा बोलणाऱ्या गावात राहून मराठी शब्द टिकवता येतो, हे आम्ही पाहिलेलं आहे.

भंवरकुआंवाला (इंदूर)

टाकायचा कोण म्हणतंय? घरी मी मराठीच बोलतो. पण पेपर साठ मिनिटांचा आणि प्रश्न चाळीस, असा आयईएलटीएसचा वाचनाचा हिशेब आहे. तिथे मनात भाषांतर करत बसलं की वेळ जातो. आजोबांनी तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर इंग्रजी घोटलं आणि त्यांना पत्रं उत्तम लिहिता यायची. पण भराभर वाचन ही वेगळी गोष्ट आहे.

निवृत्त_मास्तर (इंदूर)

दोघांचंही थोडं खरं आहे. पण ताईंच्या मुलांचं दुखणं मला अजून एका ठिकाणी दिसतं. ताई, उताऱ्यात अनोळखी शब्द किती असतात? पॉल नेशन या अभ्यासकाने हे मोजून पाहिलं आहे. मदतीशिवाय नीट समजण्यासाठी मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एखादाच नवा. तेवढं असेल तर नव्या शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून निघतो. ‘द हार्वेस्ट वॉज मीगर, सो द फॅमिली एट ओन्ली वन्स अ डे’ यात ‘मीगर’ म्हणजे तुटपुंजं हे पुढचं वाक्य सांगतं. पण ‘हार्वेस्ट’ (हाती आलेलं पीक) हा शब्दही नवा असेल तर मूल काय करणार? कल्पनेच्याच मागे जाणार.

इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक मायकेल वेस्ट ढाक्याला होते. बंगालच्या मुलांना बोलण्याआधी वाचता यायला हवं, हे त्यांनी तिथे ओळखलं आणि मोजक्या शब्दांची वाचनपुस्तकं तयार केली. नेहमी लागणाऱ्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची त्यांची यादी १९५३ची. आपल्याकडे अजून वर्तमानपत्राचा अग्रलेख हाती देतात आणि म्हणतात, ‘रोज वाच, इंग्रजी येईल.’ मूल पहिल्या परिच्छेदातच दमतं. त्याच्या हाती आधी सोपं पुस्तक द्या, भरपूर द्या. अग्रलेख पळून जात नाही.

रामबागची_ताई (इंदूर)

मास्तर, हे मनापासून पटलं. पोस्टमनच्या उताऱ्यात ‘डस्क’ होता आणि निम्म्या मुलींना तो येत नव्हता! ‘डस्क’च कळला नाही तर दिवस संपला हेही कळत नाही, मग पत्रं वाटायची राहिली हे कुठून निघणार? सोपे उतारे काढते.

सूचनेत मात्र काहीतरी लिहावं लागेलच. ‘उताऱ्यात लिहिलेले नाही, पण उताऱ्यावरून नक्की ठरते असे काय?’ हे कसं वाटतं? लांब आहे, मान्य.

मुळामुठा (पुणे)

हे वाक्य झालं, शब्द नव्हे. संज्ञा असायला हवी. नाहीतर प्रत्येक शिक्षक आपापलं वाक्य करेल आणि परिभाषा कधीच रुजणार नाही. शिवाय ‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ यांतला भेद कसा दाखवणार? लेखक सूचित करतो, वाचक अनुमान काढतो. सुशिक्षित लोकही ‘यू आर इन्फरिंग दॅट आय लाइड’ असं सर्रास म्हणतात, तिथे हवं असतं ‘इम्प्लायिंग’. मराठीत ही दोन क्रियापदं आधीपासून वेगळी आहेत, त्याचा फायदा घ्या.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

हा भेद खरंच कामाचा आहे. पण ‘सूचित करणे’ आमच्याकडे पुन्हा फसतं. हिंदीत ‘सूचित करना’ म्हणजे सरळ कळवणं, नोटीस देणं. आडून सुचवणं नव्हे.

मुळामुठा (पुणे)

मग हिंदीला दुखवेल असा एकही मराठी शब्द वापरायचा नाही?

लष्करवाला (ग्वाल्हेर)

प्रश्न हिंदीला दुखवण्याचा नाही, मुलाला कळण्याचा आहे. तुम्ही एकदा ग्वाल्हेरच्या मराठी घरात चार दिवस राहा, मग बोलू.

बडोदेकरीण (वडोदरा)

भांडू नका. मला तर आता ‘उतारा’च खटकायला लागला. आमच्याकडे लग्नात वऱ्हाडाची राहायची सोय म्हणजे उतारा, गुजराती ‘उतारो’. माझ्या पुतणीला ‘उतारा वाच’ म्हटलं तर ती विचारते, कोणाचा? आणि दृष्ट काढून तिठ्यावर ठेवतात तोही उतारा, विषावरचं औषधही उतारा, सातबाराचाही उतारा. शाळेतल्या उताऱ्याला ‘गद्यखंड’ का म्हणू नये?

निवृत्त_मास्तर (इंदूर)

बडोदेकरीणताई, उतरवून घेतलेला तो उतारा, नक्कल या अर्थाने. पूर्वी पुस्तकातला मजकूर फळ्यावर उतरवून देत असत. सातबाराचा उतारा त्याच अर्थाचा. शाळेतला शब्द तिथूनच आला असणार. ‘गद्यखंड’ म्हटलं तर कवितेचं काय करणार? आकलनासाठी कविताही देतात.

भंवरकुआंवाला (इंदूर)

हिंदी पेपरात ‘गद्यांश’ आणि ‘पद्यांश’ वेगवेगळे असतात, अडचण येत नाही.

बडोदेकरीण (वडोदरा)

मास्तर, फळ्यावरून उतरवून घेतात तो उतारा, तर वहीतून फळ्यावर लिहितात त्याला काय म्हणायचे? आमच्या शाळेत बाई म्हणायच्या ‘फळ्यावर चढवते’. इंदूर-ग्वाल्हेरला कुणी हे ऐकलं आहे का?

लष्करवाला (ग्वाल्हेर)

‘चढवते’ नाही ऐकलं. आमच्या बाई ‘फळ्यावर मांडते’ म्हणायच्या, पण ते फक्त गणिताला. आईला विचारून लिहितो.