विषय: मोटरहोममध्ये आई-बाबा आणि स्कॉटलंडचा किनारा

प्रेषक: ग्लासगो (सध्या माहेरी, दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी,

जुलैमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येताहेत. बाबांनी आजवर समुद्र पाहिला तो मुंबईला, चौपाटीवर, तोही घाईघाईत. म्हणून मोटरहोम भाड्याने घेऊन नॉर्थ कोस्ट ५००, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याचा फेरा, करायचं मनात आहे. इन्व्हर्नेसहून निघून पुन्हा इन्व्हर्नेसला, ५१६ मैल, म्हणजे जवळपास ८३० किलोमीटर. आईचे गुडघे दुखतात, रोज नव्या हॉटेलचे जिने तिला झेपणार नाहीत. बाबांना पहाटे उठल्या उठल्या चहा लागतो. चूल आणि बिछाना सोबत असला की दोघांनाही बरं.

पाहून ठेवलेली गाडी सात मीटर लांब आणि साडेतीन टनाची आहे. चालवणार आमचे हे, आणि त्यांना रोजची सवय छोट्या कारची. ॲपलक्रॉसच्या घाटाचे, बेलाख ना बाचे, फोटो पाहिल्यापासून तिथूनच जायचं असा त्यांचा हट्ट आहे. कोणी मोटरहोम नेली आहे का तिकडून? हे पुढच्या आठवड्यात इथे येताहेत, त्याआधी काय ते ठरवावं म्हणते.

---

प्रेषक: इन्व्हर्नेस

ताई, आई-बाबांना जरूर आणा. पण त्या गाडीने बेलाख ना बा नको. पायथ्याशीच मोठी पाटी आहे: शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) यांनी पुढे जाऊ नये. रस्ता समुद्रसपाटीपासून ६२६ मीटरपर्यंत चढतो, काही ठिकाणी चढ पाचास एकच्या (पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर) आसपास आहे आणि वर हेअरपिन वळणं. ॲपलक्रॉसला शिल्डेगकडून किनाऱ्याच्या रस्त्यानेही जाता येतं. तोही एकेरीच आहे, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांना मिळून एकच पदर, पण असा अंगावर येत नाही. तसंच लॉखिनव्हरहून ड्रमबेगकडे जाणारा बी-८६९ टाळा. तिथे चढ चारास एक आहे. त्याऐवजी ए-८३७ आणि ए-८९४ धरून काइलस्क्यूला जा.

आणखी एक. बरेच लोक आधी पश्चिमेला जातात. तुम्ही उलटं फिरा. आधी ए-९ आणि पुढे ए-९९ ने विक, जॉन ओ ग्रोट्स, मग थर्सो. तो रस्ता दुपदरी आहे. बेरिडेलच्या उतारावर पूर्वी एक वाईट हेअरपिन होतं, ते २०२० मध्ये काढून टाकलं. गाडीची लांबी-रुंदी अंगवळणी पडेल, मग एकेरी रस्ते लागतील.

आणि मुक्कामाच्या जागा आत्ताच बुक करा. इथे कुठेही तंबू ठोकायची मुभा आहे असं लोक ऐकून येतात. २००३ च्या कायद्याने दिलेला तो हक्क पायी किंवा सायकलने फिरणाऱ्यांसाठी आहे, मोटारीत झोपणाऱ्यांसाठी नाही. टॉयलेटची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची. रस्त्याकडेला ओतणाऱ्यांमुळे गावातले लोक वैतागलेत, आणि ते बरोबरच आहे.

---

प्रेषक: परतवाडा

ताई, दर्यापूर म्हणजे सध्या आपण शेजारीच. मी इन्व्हर्नेस सोडून आता इथे संत्र्याचा बगीचा पाहतो. मृग बहारासाठी झाडं ताणावर सोडली आहेत, पाणी बंद आहे, तेव्हा सविस्तर लिहायला सवड आहे.

इन्व्हर्नेसच्या वहिनींनी सांगितलेला रस्ता अगदी बरोबर. पण नुसतं ‘जाऊ नका’ म्हटलं तर तुमच्या मिस्टरांना वाटेल की त्यांच्या हातावर कोणाचा भरवसा नाही. तसं नाही, हा सरळ हिशेब आहे. साडेतीन टनाची गाडी ६२६ मीटर खाली आणायची म्हणजे सुमारे २ कोटी १५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. तेवढ्या उष्णतेत सत्तर लिटर साधं पाणी उकळीला येईल. थोडी हवा आणि टायर खातात. उरलेली इंजिनाने घ्यायची की ब्रेकने, एवढंच चालकाच्या हातात असतं.

पाय सारखा ब्रेकवर राहिला की आधी पॅड तापतात, जळका वास येतो, पकड सुटायला लागते. त्याहून वाईट गत ब्रेक ऑइलची. ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि जितकं जुनं तितकं लवकर उकळतं. तेल दाबलं जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले की वाफच दबते, पेडल मऊ लागतं, पाय तळाला जातो आणि गाडी काही थांबत नाही. हे दर उतारावर होतं असं मुळीच नाही. पण जेव्हा होतं तेव्हा एकीकडे कडा असतो आणि दुसरीकडे दरी.

म्हणून उतार लागायच्या आधी गिअर खाली. उतारात शिरल्यावर नाही, आधी. दुसऱ्यावर टाकायची आणि इंजिनाला गाडी धरू द्यायची. आवाज वाढतो, वाढू द्यावा, घाबरून क्लच दाबू नये. ब्रेक लागलाच तर नीट दाबून वेग पाडायचा आणि लगेच सोडायचा, चाकांना वारा लागला पाहिजे. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर हाताने धरून ठेवायची सोय कुठे आहे ते गाडी ताब्यात घेतानाच विचारून, दोनदा करून पाहा.

दुसरी गोष्ट शेपटाची. मोटरहोमच्या मागच्या चाकांमागे बरीच पेटी बाहेर निघालेली असते. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की मागचा डावा कोपरा डावीकडे फेकला जातो, आणि तिथे कठडा, दगड किंवा दुसऱ्याची गाडी असते. शिवाय वळणावर मागचं आतलं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आत कापत जातं. छोट्या कारची सवय असलेल्याचे डोळे फक्त पुढे असतात. मोटरहोममध्ये डोळे आरशात हवेत.

पण एकेरी रस्त्यावरचं खरं कसब रिव्हर्स आहे. समोरून गाडी आली आणि पासिंग प्लेस (एकमेकांना वाट द्यायला रस्त्याकडेला केलेली रुंद जागा) तुमच्या मागे जवळ असली तर मागे तुम्हालाच जायचं आहे. जागा डावीकडे असली तर आत शिरायचं. उजवीकडे असली तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर थांबायचं आणि समोरच्याला त्या जागेतून निघू द्यायचं. मागे दोन-तीन गाड्या साचल्या तरी तिथेच थांबून त्यांना पुढे सोडायचं. तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत.

मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं. आपल्याला जो निसर्गरम्य मार्ग वाटतो, तो कोणाचा तरी दवाखान्याचा, शाळेचा, कामावर जायचा रस्ता असतो. आमच्या इथे पावसाळ्यात शनिवार-रविवारी चिखलदऱ्याच्या घाटात धबधबा पाहायला गाड्या आडव्यातिडव्या लावतात, आणि वरच्या गावातून कोणाला घेऊन निघालेली १०८ त्यात अडकते. आत कोरकू बाया-माणसं असतात, कधी अडलेली बाळंतीण. बाहेर लोक फोटो काढत असतात. ते पाहून जीव तुटतो. ॲपलक्रॉसच्या लोकांचाही तो रोजचा रस्ता आहे. तिथे आपल्यामुळे कोणी खोळंबू नये.

आता तुमच्या सोयीचं. हे आल्यावर त्यांना दोन दिवस इकडे पाठवा. आमच्या शेजारी एस्टीतून निवृत्त झालेले चालक राहतात, टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन परतवाडा-चिखलदरा त्यांच्या शेजारी बसून जाऊन येता येईल. स्टिअरिंग त्यांच्याच हातात. मिस्टरांनी फक्त त्यांचे हात, पाय आणि डोळे पाहायचे. रिव्हर्सचा सराव दर्यापूरला एखाद्या जिनिंगच्या मोकळ्या आवारात होईल, कापसाचा हंगाम संपलेला आहे. दोन बांबू रोवून मध्ये मोटरहोमच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त जागा ठेवा. आणि तुमचे बाबा ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेतात ना? मग त्यांनाच मागे उभं करा. ज्याला ट्रॉली मागे घेता येते त्याच्याइतका इशारा देणारा माणूस तुम्हाला हायलँड्समध्ये मिळायचा नाही. इशारे आधी ठरवून घ्या, आणि बाबा आरशात दिसेनासे झाले की गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे.

---

प्रेषक: लीड्स

सगळ्यांचा आदर ठेवून सांगतो, थोडं जास्तच घाबरवताय. आम्ही बेलाख ना बावरून गेलो आहोत. वरून स्काय बेट दिसतं, रासे दिसतं. आयुष्यात एकदा पाहावं असं आहे. एवढ्या लांब जाऊन ते सोडायचं?

---

प्रेषक: परतवाडा

दादा, तुम्ही कारने गेलात. कारने मीही म्हणेन जा, सकाळी लवकर, हवा स्वच्छ पाहून. सात मीटरची पेटी समोरून आली की तुमच्यासारख्या चार कारवाल्यांना मागे जावं लागतं, आणि वारा सुटला की उंच गाडीला तो बाजूने ढकलतो. स्काय आणि रासे किनाऱ्याच्या रस्त्यावरूनही दिसतात. आईंना तर ते खिडकीत बसून, चहा घेत दिसतील.

ताई, शेजारच्या आबाजींना तुमचा प्रश्न वाचून दाखवला. त्यांच्या नातीने ते बोलले तसं टाइप केलं आहे, खाली देतो.

‘बाई, म्या परतवाडा-चिखलदरा अन् परतवाडा-धारणी लय चालवली. एस्टी तुमच्या गाडीहून लांब अन् रुंद. मंग एस्टी जाते त तुमची काहून नाई जात, असं जवाईबुवा म्हनतीन. एस्टीचा डायवर रोज तोच घाट चालवते. कोन्या वळनावर गिअर टाकाचा, कोठी समोरची गाडी दिसते, त्याले पाठ रायते. अन् एस्टीले हवेचे ब्रेक. नव्या मानसाले घाट नवा, गाडीबी नवी. दोन्ही नवे एका दिवशी कराचे नाई.

चढनाऱ्या गाडीले वाट द्यावी. उतरनाऱ्यानं थांबाव. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली का उचलाले क्लच जळते. डिझेल वाचवाले न्यूट्रल मारून उतरनारे म्या लय पाह्यले, त्याईचं नाव काढू नका. इंजिनच सोडलं त गाडीले धरते कोन?

डोंगर पाहाचा असन त गाडी बाजूले लावा, खाली उतरा, पोटभर पाहा. मंग चालवा. चालवता चालवता डोंगर पाहू नये. अन् कोनं वाट देल्ली त हात वर कराचा, इसरू नका. जवाईबुवाले माह्याकडं पाठवजा.’

---

प्रेषक: इन्व्हर्नेस

आबाजींना नमस्कार सांगा. चढणाऱ्याला वाट द्यायची हे इथल्या हायवे कोडमध्येही लिहिलेलं आहे, आणि हात वर करणं तर इथे सगळेच करतात.

ताई, दोन बारीकसारीक गोष्टी. मिस्टरांनी इथली परीक्षा १९९७ किंवा त्यानंतर दिली असेल तर साध्या परवान्यावर त्यांना पेट्रोल-डिझेलची साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. ते वजन माणसं, पाणी, सामान सगळं धरून असतं. पाण्याची टाकी काठोकाठ आणि चार माणसांच्या बॅगा भरल्या की बघता बघता हद्द ओलांडते. टाकी अर्धीच भरा, पाणी वाटेत मुक्कामाच्या जागी भरता येतं. आणि विम्याचा करार वाचा. छप्पर आणि गाडीचं पोट बऱ्याचदा त्यातून वगळलेलं असतं.

---

प्रेषक: ग्लासगो (सध्या दर्यापूर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ओसरीवर बसून सगळे मेल आई-बाबांना वाचून दाखवले. आबाजींचं बोलणं बाबांनी दोनदा वाचायला लावलं. ट्रॉलीचं ऐकल्यापासून मागे उभं राहायचं काम आपलंच असं ते धरून चालले आहेत, आणि इशारे आमच्या गड्याबरोबर ठरवूनही टाकले: दोन्ही हात वर म्हणजे थांब, बाकी काही नाही.

ह्यांच्याशी फोनवर बोलले. सात मीटरची गाडी रद्द करतोय. सहा मीटरच्या आतली, व्हॅनचीच बांधणी असलेली मिळतेय. पलंग थोडा अरुंद आहे, पण आई म्हणाली की बाजेवर झोपणाऱ्याला त्याचं काय. वहिनी, तुम्ही म्हणता तसं ए-९ ने आधी वर जाऊ. बेलाख ना बा सोडला, ॲपलक्रॉस शिल्डेगकडून. ह्यांना जरा वाईट वाटलं, पण २ कोटी ज्यूलचा हिशेब त्यांनी स्वतः कागदावर मांडून पाहिला आणि मग काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी ते परतवाड्याला येतील. आबाजींना चालेल ना? दर्यापूरला जिनिंगचं आवार बाबांनी विचारून ठेवलं आहे.

आता राहिलेले प्रश्न. या गाड्यांची पायरी फार उंच असते म्हणतात, आईसाठी जमिनीवर ठेवायचं मजबूत स्टूल कंपनी देते की आपण घ्यायचं? ज्वारीचं पीठ इथूनच आणतेय, पण दोन शेगड्यांच्या त्या छोट्या आचेवर भाकरी फुगते का, कोणी करून पाहिली आहे? आणि जुलैत मिडज नावाचे बारीक किडे फार चावतात असं ऐकलंय. आई डोक्यावरून पदर घेते, त्यावरून बसेल अशी सैल जाळी इन्व्हर्नेसला कुठल्या दुकानात मिळेल, वहिनी?