शेजारच्या हैतियन आजींच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्यात, पण फोनसमोर त्या खुलतच नाहीत

वैदेही_फ्लॅटबुश
नमस्कार मंडळी, आम्ही ब्रुकलिनला फ्लॅटबुशमधे राहतो, २०१८ पासून या भागाला अधिकृतपणेच लिटिल हैती म्हणतात. वरच्या मजल्यावर एक हैतियन आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, सगळे त्यांना ग्रान म्हणतात म्हणजे आजीच. माझी लेक शाळेतून आली की त्यांच्या नातवंडांसोबत तिकडेच असते. गोष्टीच्या आधी ग्रान विचारतात "क्रिक?" आणि ऐकणाऱ्यांनी "क्राक!" असं ओरडायचं, नाही ओरडलं तर गोष्ट सुरूच होत नाही. मग बुकी आणि ती-मालिस अशी दोन पात्रं येतात, बुकी हावरट पण भोळा आणि ती-मालिस पक्का लबाड, मधेच गाणं येतं तेही सगळ्यांनी म्हणायचं.
नातवंडांना क्रेयोल, म्हणजे हैतीची बोलभाषा, समजतं पण उत्तर इंग्लिशमधेच देतात. त्यांची आई दोन-दोन शिफ्ट करते, तिनेच मला विचारलं की तू ऑडिओ एडिटिंग करतेस तर आईच्या गोष्टी रेकॉर्ड करून देशील का. मी लगेच हो म्हटलं, एका दुपारी फोन समोर ठेवून बसले तर ग्रान बातम्या वाचल्यासारख्या बोलल्या आणि पाच मिनिटांत गोष्ट खलास. एरवी तीच गोष्ट अर्धा तास चालते! काय चुकलं माझं? आणि हैतीबाहेरचे हैतियन लोक हे सगळं टिकवतात कसं, कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

पारावरचा_श्रोता
ताई, तुमच्या रेकॉर्डिंगमधे "क्राक" म्हणायला कोणी होतं का? नसणार. आपल्याकडेसुद्धा गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा लागतो, माझा "हं" थांबला की आजी म्हणायची झोपलास का रे, आणि तिथेच गोष्ट बंद. फोन हुंकार देत नाही. शिवाय हैतीत या गोष्टी संध्याकाळी, दिवसभराचं काम उरकल्यावर अंगणात बसून सांगायच्या, तुम्ही दुपारी बसवलंत. पोरांना बसवा, रात्री बसवा, आणि फोन ग्रानच्या नजरेआड ठेवा (त्यांना सांगून, चोरून नाही).
पोरं लाजत असतील तर आधी कोडी घ्या. सांगणारा म्हणतो "तिम तिम", बाकीचे म्हणतात "ब्वा शेश", म्हणजे वाळकं लाकूड. मग कोडं, उभं पाणी? ऊस. लोंबतं पाणी? नारळ. आडवं पाणी? कलिंगड. मूळ क्रेयोलमधे हे दोन-दोन शब्दांचं असतं, "द्लो कान्पे", त्यामुळे भाषा न बोलणारं पोरही पहिल्याच दिवशी खेळात येतं.
आणि बुकी हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतला आहे, अर्थ तरस. हैतीत तरस नाही, कधीच नव्हता, पण गुलाम करून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांनी तो गोष्टीतून सोबत आणला. लुइझियानाच्या जुन्या क्रेयोल गोष्टींमधेही बुकी सापडतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा काटा आला अंगावर.

शिल्पा_मायामी
आमच्याकडच्या, म्हणजे मायामीच्या लिटिल हैतीत लिब्रेरी मापू नावाचं पुस्तकांचं दुकान आहे, जां मापू यांचं. क्रेयोलचा आग्रह धरला म्हणून १९६९ साली हुकूमशहा दुवालिएच्या राजवटीत त्यांना तुरुंगात टाकलं होतं. तेव्हा शाळा-कचेऱ्या सगळं फ्रेंचमधे आणि लोक बोलायचे क्रेयोल, तिला अधिकृत दर्जा मिळाला थेट १९८७ च्या घटनेत. त्यांची सोसिएते कुकुय म्हणून मंडळी आहेत, कुकुय म्हणजे काजवा, ते क्रेयोलमधे नाटकं, कविता, नाच सगळं करतात. नातवंडांना आणायचं असेल तर १ जानेवारीला आणा वैदेही, त्या दिवशी घरोघरी भोपळ्याचं सूप जुमू करतात, १८०४ च्या स्वातंत्र्याची आठवण म्हणून, कारण गुलामांना ते प्यायची बंदी होती असं सांगतात. त्या टेबलावर म्हातारी माणसं आपोआप बोलायला लागतात.
आणि लिहून घेताना क्रेयोलच्या आताच्या स्पेलिंगमधेच लिहा, फ्रेंच वळणाने नको. उच्चाराप्रमाणे लिहितात, आपल्याला तर सोपंच जाईल.

ढोलकी_ते_ड्रम
गाण्याबद्दल बोलतो कारण तेच माझं क्षेत्र. तुम्ही ब्रुकलिनमधे आहात तर उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी प्रॉस्पेक्ट पार्कात जा, तिथे १९९० च्या दशकापासून हैतियन लोक जमून रारा वाजवतात. हैतीत रारा म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांतल्या मिरवणुका. त्यात वाक्सिन नावाचे बांबूचे कर्णे असतात, एका कर्ण्यातून मुळात एकच सूर निघतो, म्हणून चार-पाच जणांनी आळीपाळीने फुंकलं तरच चाल तयार होते, एकट्याला जमतच नाही! प्लास्टिकच्या पाइपचे पण करतात. पोरांच्या हातात एक द्या, बघा काय होतं ते. कोंपा हा संगीतप्रकार मात्र वेगळा, तो नाचायचा, १९५५ ला नेमूर जां-बाप्तिस्तने सुरू केला, तो लग्नाकार्यात वाजतोच त्यामुळे त्याची मला काळजी वाटत नाही. काळजी गोष्टीतल्या गाण्यांची, ती स्टेजवर कोण म्हणणार?
जुनं ऐकायचं तर लोकसंगीत गोळा करणाऱ्या अॅलन लोमॅक्सने १९३६-३७ मधे हैतीत केलेली सुमारे १५०० रेकॉर्डिंग्ज आहेत, २००९ ला संच निघाला. ग्रानना ऐकवा, त्यांना काहीतरी आठवेलच.

दफ्तर_सांभाळणारी
ड्यूक युनिव्हर्सिटीत रेडिओ हैतीचं आर्काइव्ह आहे, तेही ऐका. तो रेडिओ चालवणारे पत्रकार जां दोमिनिक यांची २००० साली हत्या झाली, नंतर त्यांच्या पत्नी मिशेल मोंतास यांनी सगळ्या टेप तिथे दिल्या आणि आता त्या ऑनलाइन कोणालाही ऐकता येतात, माहिती क्रेयोलमधेसुद्धा दिलीये. नाहीतर आपलाच आवाज आपल्याला परक्या भाषेत शोधावा लागतो.
एक कळकळीची विनंती, काही गाणी व्होदू या हैतीतल्या धर्माच्या पूजेतली असतात, ती ग्रानना विचारल्याशिवाय नेटवर टाकू नका. मूळ फाइल एडिट न करता ठेवा, दोन-तीन ठिकाणी कॉपी करा, आणि पहिली कॉपी त्यांच्या घरी.

वैदेही_फ्लॅटबुश
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसलो, पाच पोरं, फोन खिडकीत. आधी कोडी घेतली, माझ्या लेकीने "ब्वा शेश" असं काही ओरडलं की ग्रान हसतच सुटल्या. मग बुकीची तीच गोष्ट, पस्तीस मिनिटं! मधल्या गाण्याला मोठा नातू आपणहून क्रेयोलमधे गायला लागला, त्याच्या आईने रात्रपाळीच्या ब्रेकमधे ती फाइल ऐकली आणि तिचा फोन आला, बोलताच येईना तिला. शेवटी ग्राननी अजून एक गाणं म्हटलं पण त्याआधी मला खुणेने फोन बंद करायला लावला, मी केला. पुढची बैठक शुक्रवारी.