फक्त तीन रंगांत गोधडीची ऑर्डर घेतलीय, लांबून सगळं सपाट दिसतं, काय करू?

सुईदोरा_सांखळी

नमस्कार सगळ्यांना. मी गोव्यात सांखळीला असते, घरी गोधड्या शिवते (आमच्याकडे वाकळ म्हणतात). आतापर्यंत केल्या त्या सगळ्या घरातल्या, जुन्या साड्या आणि लुगड्यांच्या, त्यात हाताला येईल तो रंग लावायचा, विचार असा करावाच लागला नाही कधी. आता पहिल्यांदा पैसे घेऊन ऑर्डर केलीय. एका बाईंनी जुनं घर दुरुस्त करून घेतलंय, एका खोलीत चिऱ्याची (लाल जांभ्या दगडाची) भिंत गिलावा न करता तशीच उघडी ठेवलीय, तिथल्या पलंगासाठी हवी आहे. अट एकच, रंग तीनच. चिऱ्याचा लाल, चुन्याचा पांढरा आणि निळीचा निळा, चौथा रंग दिसता नये.

साईज ७८ बाय ९० इंच धरली, ६ इंचाचे चौकोन, आडवे १३ उभे १५, म्हणजे १९५. पाच ओळी जोडून झाल्या. हातात घेऊन बघितलं की छान वाटतं, पण काल खाटेवर पसरून दारातून बघितलं तर लाल आणि निळा मिळून एकच काळपट पट्टा दिसतो आणि मध्ये पांढरे चौकोन नुसते उठून येतात, फरशीसारखे. पोटात गोळाच आला. थोडा पिवळा किंवा मातकट टाकला तर सुटेल असं वाटतं, पण त्यांना विचारायचा धीर होत नाही, अर्धे पैसे आगाऊ घेतलेत. दुसरं म्हणजे लाल तुकडा ओला करून पांढऱ्यावर ठेवला तर गुलाबी डाग पडला, मीठ घातलेल्या पाण्यात भिजवला तरी पडतोच. चवथीच्या आधी द्यायची आहे. कोणी अशी केली असेल तर सांगा प्लीज.

फोंडा_शिवणकाम

पिवळा घालू नका, रंग कमी पडलेत म्हणून हे होत नाहीये. तुमचा लाल आणि निळा दोन्ही सारखेच गडद आहेत, म्हणून लांबून डोळ्याला ते वेगळे कळत नाहीत. मोबाईलवर फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, दोन्ही एकाच राखाडीत गेले तर हेच कारण. तीन रंग म्हणजे तीन छटा असं कुठे आहे, निळ्यातच फिका निळा, मधला निळा, पार काळ्याकडे जाणारा निळा, असे तीन घ्या. निळीत कापड एकदा बुडवून वर काढलं तर फिकं राहतं, बाहेर येताना हिरवट दिसतं आणि हवा लागली की निळं होतं, तेच पुन्हा पुन्हा बुडवत गेलात की गडद. सगळं एकाच निळीतलं असल्यामुळे चौथा रंग वाटत नाही. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशाच्या दालनात टाइल्सवरची चित्रं आहेत ना, निळ्या-पांढऱ्यातली, ती एकदा उभं राहून बघा, निळा कमीजास्त करून केवढं काम काढलंय.

पाच ओळी उसवू नका सगळ्या. दर दोन-तीन चौकोनांनंतरचा एक निळा काढून तिथे फिका लावा आणि परत दारातून बघा.

बार्देस_कापड

वरच्यांशी सहमत, फक्त एक भर घालते. चौकडी वापरा! कुणबी साडीचा लाल-पांढरा चौकडा असतो त्यातला बारीक चौकड्याचा सुती कपडा मिळाला तर बघा, जवळून लाल आणि पांढराच, पण दहा पावलांवरून डोळा दोन्ही मिसळून टाकतो आणि मधला फिकट लाल दिसतो, तुम्हाला हवी ती मधली पायरी तीच. निळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांचंही तसंच. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला येत असाल तर कापड हातात घेऊन, मागे सरून डोळे बारीक करून बघायचं आणि मगच घ्यायचं. आणि लागेल तेवढं एकदम घ्या, दुसऱ्या ताग्यात लाल तसाच्या तसा मिळत नाही, माझे त्यापायी ४० चौकोन वाया गेलेत.

रंग जातो त्याला मीठ लावून काही होत नाही, ते कापड रंगवतानाच्या वेळचं. गरम पाणी आणि साबण, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग ओला तुकडा पांढऱ्या फडक्यात दाबून रात्रभर ठेवा. तरीही डाग पडला तर ते कापड या गोधडीत नको, कितीही आवडतं असलं तरी. निळीचं कापड कोरडंसुद्धा पांढऱ्यावर घासून बघा.

काणकोण_आजी

बाय, तू दोऱ्याचं काहीच लिहिलं नाहीस. गोधडीत दोरा हा पण रंगच गो. लालावर लाल दोऱ्याने धावदोरा घातलास तर लाल आणखी गडद दिसतो, तोच पांढऱ्या जाड दोऱ्याने बोटभर अंतराच्या ओळी घातल्यास की पूर्ण चौकोन उजळतो. आमच्या पलीकडे कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायका कवंदी (त्यांची गोधडी) शिवतात, कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यावर येतात, ओळी दाट, आणि त्या टाक्यांमुळेच जुनेर कापडाला एक वेगळा पोत येतो. तू चौकोन आधी जोडतेस ते ठीक आहे, पण टाके मात्र हाताने घाल आणि दोरा पांढराच ठेव.

अस्तराला मांजरपाट घे. पन्हा ४४ इंच असेल तर दोन पाट जोडून होतं, सव्वापाच मीटर लागेल, आधी धुऊन घे कारण तो आटतो. आणि पावसात घाई करू नकोस. माझी एक ओलसर असतानाच घडी करून दिली, चार दिवसांत काळे ठिपके आले बुरशीचे, ते गेलेच नाहीत. आतला कापूस हाताला कोरडा वाटला तरी एक दिवस पंख्याखाली ठेव.

सुईदोरा_सांखळी

सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री झोप लागत नव्हती मला. फोटो ब्लॅक अँड व्हाईट केला, लाल आणि निळा खरंच एकसारखे निघाले. शेवटी हिंमत करून बाईंना फोन केला आणि विचारलं की फिका निळा आणि लाल-पांढरा चौकडा चालेल का, त्या म्हणाल्या अगो ते तर त्याच रंगातलं. म्हणजे इतके दिवस उगीच घाबरले. अकरा निळे चौकोन उसवले, तिथे एकदा बुडवलेला निळा लावला, सरळ रेषेत न लावता विखरून. आज दारातून बघितलं तर नजर एका जागी अडकत नाही, फिरत राहते. जुना लाल बाजूला ठेवला, नवा घेतलाय, तीन वेळा धुतला, तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ आलं.

आजी, पांढरा दोरा घालून एक चौकोन करून बघितला, अर्धा इंच सोडून ओळी घातल्या. जास्त दाट घालू की एवढ्या बऱ्या?

काणकोण_आजी

लालावर अर्धा इंच, निळ्यावर पाऊण इंच ठेव. पांढऱ्यावर कमीच.