'ट्रान्सलेशनल रिसर्च'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (भाषांतरकार, पुणे)
आरोग्यविषयक माहितीपुस्तिकेचं मराठीकरण करायचं आहे. ती जिल्हा परिषदेचे आरोग्य अधिकारी वाचणार आणि आशाताईही. मूळ मजकुरात 'ट्रान्सलेशन' पानोपानी आहे: प्रयोगशाळेतून रुग्णाकडे, अभ्यासातून धोरणाकडे, धोरणातून घराघरात. आपल्या भोसरीच्या 'नारी'च्या (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या) नव्या नावातही 'ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी' आलंच आहे. 'अनुवादात्मक संशोधन' लिहिलं तर पुस्तकांच्या अनुवादाबद्दल काहीतरी असावं असं वाटतं. 'स्थानांतरणीय'मध्ये बदलीचा वास येतो. सगळीकडे चालेल असा एक शब्द सुचवाल का?

शासकीय मसुदे तपासणारे
एकच शब्द शोधू नका, ताई. इंग्रजीतही या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं कोंबलेली आहेत. प्रयोगशाळेतला शोध माणसांवरच्या चाचणीपर्यंत नेणं हे एक. चाचणीत सिद्ध झालेलं रोजच्या उपचारात आणणं हे दुसरं. दोन्हींची माणसं वेगळी, पैसा वेगळा, अडचणीही वेगळ्या. संस्थेच्या किंवा विषयाच्या नावात 'ट्रान्सलेशनल' तसंच देवनागरीत ठेवा. वाक्यात मात्र जे काम असेल त्याचं क्रियापद लिहा.

त्यासाठी 'लागू' हा शब्द हाताशी आहे. औषध लागू पडतं, म्हणजे गुण येतो. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या लोकसमूहाला लागू होतो किंवा होत नाही. आणि सरकार योजना लागू करतं. तीन क्रियापदं, तीन टप्पे. मसुद्यांत यांची सर्रास अदलाबदल होते: 'ही लस महाराष्ट्रात लागू झाली' असं लिहिलेलं असतं आणि म्हणायचं असतं 'लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट झाली'.

क्षेत्रसंशोधक
'लागू पडणं' हे बोलण्यात ठीक, पण त्यातही दोन गोष्टी आहेत. चाचणीत, म्हणजे डोस वेळेवर, शीतसाखळी (लस सतत थंड ठेवण्याची व्यवस्था) चोख, बाळांचा पाठपुरावा पक्का, अशा स्थितीत दिसलेला परिणाम एक. नेहमीच्या लसीकरण सत्रांतून दिल्यावर दिसणारा परिणाम दुसरा. कोशांत दोन्हींना 'परिणामकारकता', 'कार्यक्षमता', 'गुणकारिता' यांपैकी काहीही सापडतं. 'कार्यक्षमता' तर यंत्राची किंवा कारकुनाची. मी सरळ 'चाचणीतील परिणामकारकता' आणि 'प्रत्यक्षातील परिणामकारकता' लिहितो. लांब आहे, पण गोंधळ होत नाही.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. रोटाव्हॅक लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि शिरूर तालुक्यातलं वढू इथे झाली. एकूण ६,७९९ बाळं. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र अतिसारापासून पहिल्या वर्षात निम्म्याहून थोडं अधिक संरक्षण दिसलं. हा आकडा चाचणीतला आहे. २०१६ मध्ये लस आधी चार राज्यांत सुरू झाली, महाराष्ट्राचा नंबर नंतर लागला. आता ती ६, १० आणि १४ आठवड्यांना द्यायची. सत्र चुकलं किंवा बाळ आजोळी गेलं की डोस पुढे ढकलले जातात, आणि चाचणीतला आकडा प्रत्यक्षात जसाच्या तसा उतरेल याची खात्री राहत नाही. म्हणून 'ही लस इतके टक्के परिणामकारक आहे' एवढ्यावर वाक्य संपवू नये. कुठे मोजलं, कशापासून संरक्षण आणि किती काळ, हे त्याच वाक्यात हवं.

आशा-प्रशिक्षक
'अंमलबजावणी'बद्दल माझी तक्रार आहे. हा शब्द आला की वाचणाऱ्याला वाटतं, अभ्यासात जे झालं तेच आता सगळीकडे होतंय.

गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला: ३९ गावांत सेवा, ४७ गावं तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट दिसली, अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ मध्ये आशांमार्फत देशभर कार्यक्रम आला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीची सातवी.

पण गडचिरोलीच्या आरोग्यदूत जंतुसंसर्ग ओळखून स्वतः जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत होत्या. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाने इंजेक्शन द्यायचं नाही, धोक्याची लक्षणं ओळखून बाळाला पुढे पाठवायचं. म्हणजे जे तपासलं आणि जे राबवलं, त्यात एक मोठा भाग गळला. तरी पुस्तिकांत ६२ टक्के खुशाल या कार्यक्रमाच्या नावावर छापतात!

या बदलासाठी 'अनुकूलन' लिहितात, ते एसीसारखं वाटतं. आपल्याकडे बेतणं आहे: कापड आहे तेवढ्यात अंगरखा बेतायचा. 'गडचिरोलीच्या अनुभवावर बेतलेला कार्यक्रम' म्हटलं की काहीतरी कापलं, काहीतरी जोडलं हे आपोआप कळतं. आणि राबवणं मला आवडतं. ते 'राबणं'चं प्रयोजक रूप आहे, त्यामुळे योजना राबवली म्हणताना कुणीतरी राबतंय हे निदान ऐकू येतं.

शासकीय मसुदे तपासणारे
'बेतणं' मान्य, पण शासन निर्णयात चालणार नाही. तिथे 'स्थानिक परिस्थितीनुसार फेरबदल' लिहा.

ओघात आणखी एक. 'गाइडलाइन्स'ला 'मार्गदर्शक तत्त्वे' म्हणू नका, ती राज्यघटनेत. औषधाची मात्रा आणि भेटींचे दिवस सांगायचे तर 'मार्गदर्शक सूचना'. तज्ज्ञगट 'शिफारस' करतो, तिला 'निर्णय' म्हणू नये. शिफारस मंत्रालयाने स्वीकारली, राज्याने शासन निर्णय काढला, त्यात लेखाशीर्ष (खर्च ज्यातून होणार ते सरकारी खातं) नमूद झालं, की मग खर्च करता येतो. नुसत्या परिपत्रकाच्या जोरावर जिल्ह्यात नवी खरेदी होत नाही. पुस्तिकेत या सगळ्याला 'धोरण' म्हटलं, तर अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतील की कागद कोणता.

प्रश्नकर्ती
आभार. आता एक खरंच अडलेलं वाक्य. शब्दशः असं होतंय: 'लोह-फॉलिक आम्ल गोळ्यांच्या पुराव्याचे सवयीत रूपांतर करणे.'

आशा-प्रशिक्षक
अहो, पुराव्याची सवय कशी लागेल! गोळी घेणं अंगवळणी पडणं म्हणा. आणि आशाताईंसाठी हे वाक्य पुरणार नाही, कृती लिहा:

'गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी (लोह ६० मिलिग्रॅम, फॉलिक आम्ल ५०० मायक्रोग्रॅम), १८० दिवस. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. गोळीच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको. शौचाला काळं होईल, ते लोहामुळे, घाबरून गोळी थांबवू नये. मळमळ होत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्यावी.'

काळ्या शौचाचं आधी सांगितलं नाही, तर गोळ्या आठवड्यात बंद पडतात.

क्षेत्रसंशोधक
याच पानावर 'वाटप' आणि 'सेवन' वेगळे ठेवा. नोंदवहीत १८० गोळ्यांचं वाटप झालेलं असतं आणि अहवालात तेच 'लाभार्थींनी १८० गोळ्या घेतल्या' होऊन येतं. सेवन कळायला गोळ्यांचं रिकामं पाकीट बघावं लागतं. 'व्याप्ती' हा शब्दही याच कारणाने फसवा. कशाची व्याप्ती, दिल्याची की घेतल्याची, हे दरवेळी लिहा.

प्रश्नकर्ती
मग शीर्षक असं करते: 'संशोधन ते घर: तपासणे, शिफारस, राबवणे, अंगवळणी पाडणे.'

शासकीय मसुदे तपासणारे
'शिफारस' नाम आहे, बाकी तिन्ही क्रियापदं. 'शिफारस करणे' करा. आणि 'पाडणे' की 'पडणे' तेही ठरवा. आशाताई आठवण करतील, गोळी घेणार घरची बाई. मी 'पडणे' ठेवेन.