घराला लागून असलेला गुलमोहर काढायचाय: तीन कोटेशनं, तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक

वळचणीचं_पाणी
कर्वेनगर, पुणे. जुना बंगला, वर एक मजला. भिंतीपासून साधारण सहा फुटांवर गुलमोहर आहे. उंची दुमजली घराच्या वर, छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर सहा फूट. दोन जाड फांद्या थेट गच्चीवर आल्यात. पलीकडे शेजाऱ्यांचा पत्र्याचा शेड, आणि खांबावरून घरात येणारी विजेची सर्व्हिस वायर फांद्यांमधूनच जाते. गल्ली नऊ-दहा फुटांची. आवारातली फरशी उचलली गेलीय, कंपाउंडच्या भिंतीला तडा आहे.

तीन जणांनी भाव दिले: १८ हजार, ३४ हजार आणि ६५ हजार. पहिला म्हणतो, "परवानगीचं टेन्शन घेऊ नका." एकाच झाडाला साडेतीन पट फरक कसा? आणि कुणाला काय विचारायचं?

आरी_आणि_दोर
उंचीवर भाव ठरत नाही, तुकडा कुठे पडू शकतो यावर ठरतो. हेच झाड मोकळ्या मैदानात असतं तर दोन तासांत आडवं झालं असतं. तुमच्याकडे मात्र एका बाजूला गच्ची, दुसरीकडे पत्रे, मध्ये वायर. म्हणजे एकही मोठा तुकडा सोडून द्यायची सोय नाही, प्रत्येक तुकडा दोराला बांधून खाली घ्यावा लागणार.

वजनाचा हिशोब करून बघा. घेर सहा फूट म्हणजे व्यास ५८ सेंटीमीटर. बुंध्याचा एक फूट लांबीचा ठोकळा भरतो सुमारे ०.०८ घनमीटर. ओलं लाकूड घनमीटरला ९०० किलो धरलं तर ठोकळा सत्तर-पंचाहत्तर किलोचा. दोन फुटांचा कापला की दीडशेच्या आसपास. तो दोराला बांधून नुसता फूटभर जरी घसरला तरी झटका वजनाच्या कितीतरी पट बसतो. दुकानातला साधा नायलॉन दोर इथेच तुटतो, नाहीतर खाली दोर धरणारा पोरगा ओढला जातो. जाणकार माणूस दोराचे तीन-चार वेढे बुंध्याला देऊन घर्षणावर हळूहळू सोडतो, नुसता हातात धरत नाही. हे कोटेशनवाल्याला विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर तो १८ हजारवाला आहे असं समजा.

फांदी कापताना आधी खालून एक तृतीयांश काप, मग तिथून दोन-तीन इंच बाहेरच्या बाजूला वरून. थेट वरून कापली की फांदी अर्धवट तुटून साल सोलत लोंबते आणि झोका घेऊन भिंतीवर आदळते. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, त्यामुळे हे हमखास होतं.

चढण्याआधी बुंधा हातोडीने ठोकून बघायचा. बद्द, पोकळ आवाज आला किंवा बुंध्यावर कडक कानासारखी बुरशी दिसली तर त्यावर माणूस चढवू नये. मग बकेट, म्हणजे माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी गाडी लागते, आणि नऊ फुटांच्या गल्लीत ती वळणार का, हा वेगळाच प्रश्न. मोठी क्रेन तर विसराच. ६५ हजारवाल्याने बहुतेक हेच गृहीत धरलंय. त्याला विचारा, झाड ठोकून पाहिलं का, की खालूनच आकडा सांगितला?

वायरसाठी महावितरणच्या शाखेत आधी अर्ज द्या, कामापुरता पुरवठा बंद करून सर्व्हिस वायर सोडवून घ्या. "आम्ही सांभाळून करतो" हे चालणार नाही. आणि मधमाश्यांचं पोळं आहे का ते आदल्या दिवशी बघा. चेनसॉच्या आवाजाने आग्या मोहोळ उठलं तर वर चढलेल्याला उतरायलाही वेळ मिळत नाही.

खिडकी_क्रमांक_४
"परवानगीचं टेन्शन घेऊ नका" म्हणणाऱ्याला आजच नमस्कार करा. झाड तुमच्या आवारात असलं, तुम्हीच लावलेलं असलं तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. त्यात झाड जाळणं, इजा करणं हेही तोडण्यातच येतं, म्हणून मुळाशी ॲसिड ओतायचे सल्ले कानाआड करा. गुन्हा झाड मालकावर येतो, कापणारा तोवर दुसऱ्या गल्लीत असतो.

अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे, मिळकत ज्याच्या नावावर त्याच्या सहीने. मिळकतकराची पावती, मालमत्तापत्रक किंवा सातबारा, झाडाचे चारही बाजूंनी फोटो, आणि घर-झाड-वायर यांची अंतरं लिहिलेला हाताने काढलेला नकाशा. फोटोत फरशी, तडा आणि गच्चीवरच्या फांद्या टेप लावून दिसू द्या. नुसतं "झाड धोकादायक आहे" लिहिलेला अर्ज पाहणीत टिकत नाही. पाहणी होते, हरकतींसाठी नोटीस लागते, त्यामुळे आठवड्याभरात उरकणारं हे काम नाही.

खर्चात लोक एक गोष्ट धरतच नाहीत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर भरपाईची झाडं तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी लावायची असतात. झाड ३० वर्षांचं ठरलं तर ३० रोपं, तीही सहा-आठ फुटांची, आणि सात वर्षं जगवायची. बंगल्याच्या आवारात ती मावणार नाहीत. कुठे लावायची आणि अनामत किती, हे अर्ज देतानाच विचारून घ्या. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरलं जातं, तिथे प्रकरण आणखी अवघड होतं. तेव्हा बंगला कधीचा, झाड कधीचं, याचा काही कागद किंवा जुना फोटो असेल तर शोधून ठेवा.

फांद्या छाटायलाही परवानगी लागते, पण त्यात भरपाईची रोपं येत नाहीत.

मुरुमाचा_थर
बुंधा जमिनीपर्यंत कापला की काम संपलं, असं तिन्ही कोटेशनांत असणार. खोड मुळासकट काढायचं का, हे वेगळं लिहून घ्या. भिंतीपासून सहा फुटांवर जेसीबी लावून खोड उपटू देऊ नका. मुळं घराच्या पायाखालून, चेंबरच्या आणि पाण्याच्या पाइपच्या बाजूने गेलेली असतात, ओढताना पाइपही निघतो. जमिनीखाली सहा इंच ते फूटभर कापून, बाजूची जाड मुळं आरीने तोडून सोडून दिलेलं बरं. उरलेलं कुजतं, वर्ष-दोन वर्षांनी जमीन खचते, तेव्हा सहा-सहा इंचांचे थर देऊन मुरूम ठोकायचा. आधीच फरशी केलीत तर ती पुन्हा खचेल. कुजणाऱ्या लाकडावर वाळवी येते, चौकटी लाकडी असतील तर त्या बाजूला वाळवीरोधक फवारणी आधीच करून घ्या.

माती कुठली आहे ते बघा. घराच्या पायाजवळ तीन फूट खड्डा घ्या. मुरूम किंवा खडक लागला तर निश्चिंत. काळी माती लागली तर जरा थांबा: झाड इतकी वर्षं त्यातलं पाणी ओढत होतं. ते गेलं की माती ओली राहून फुगते आणि जोत्याला खालून रेटा देते. भिंतीच्या तड्यांवर आत्ताच पेन्सिलने टोकाशी रेघ आणि तारीख टाका. उन्हाळ्यात रुंद, पावसाळ्यात बारीक होणारे तडे मातीमुळे असतात. झाड काढल्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, मगच तडे बुजवा. लगेच पुट्टी मारलीत तर दिवाळीनंतर तीच भेग पुन्हा दिसेल.

वळचणीचं_पाणी
आभार! तडा कंपाउंडच्या भिंतीलाच आहे, घराला नाही. वय बहुधा तिशीच्या आसपास. मग ३० रोपं आली. नुसत्या गच्चीवरच्या दोन फांद्या काढल्या तर चालेल का?

आरी_आणि_दोर
बुंधा भरीव असेल आणि मुळाशी माती उचललेली नसेल तर मी तरी तेच करेन. त्या दोन फांद्या जोडाच्या गाठीपाशी कापायच्या, गाठ शाबूत ठेवून. एका वेळी एकूण पसाऱ्याच्या पावभागापेक्षा जास्त काढायचं नाही. शेंडा मात्र अजिबात उडवू देऊ नका. तिथून झाडूसारखे कोंब फुटतात, दोन-तीन वर्षांत जड होतात आणि वळवाच्या वाऱ्यात तेच आधी तुटून पडतात. कंपाउंडची भिंत तडा गेलेल्या जागी चारेक फूट पाडून मुळावरून आरसीसीची आडवी तुळई टाकली की मुळाला हात न लावता भिंत उभी राहते.

काढायचंच ठरलं तर ३४ हजारवाल्याकडून कागदावर घ्या: दोराने उतरवणं, खोडाची खोली, ओंडके आणि पाला कोण व किती फेऱ्यांत नेणार, कामगारांचा विमा, आणि शेजाऱ्यांचा पत्रा फुटला तर पैसे कुणाचे. लाकूड त्याला देणार असाल तर ते आधीच भावातून वजा करून घ्या, मात्र गुलमोहराला सरपणापलीकडे किंमत नाही, फार ताणू नका. मे महिन्यात विचाराल तर हाच भाव वाढलेला मिळेल.

खिडकी_क्रमांक_४
आणि आरी लावण्याआधी परवानगीची प्रत गेटवर लावा. तक्रार शेजारून आली नाही तरी रस्त्याने जाणाऱ्याकडून येतेच.